अंगझडती आणि अब्रू

आमच्या सुशिक्षित वर्गाचा स्वाभिमान विमानतळाच्या दाराशीं जागा होतो आणि तेथून बाहेर पडतांच पुन्हां निजतो, असा आमचा त्या वर्गावर आरोप आहे. आरोप कठोर आहे हें आम्ही जाणतों. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील उदाहरणें एकापुढें एक मांडून पाहिलीं असतां दुसरें अनुमान निघत नाहीं.

२००४ सालीं स्ट्रोब टालबट या माजी अमेरिकन मुत्सद्द्याच्या पुस्तकावरून असें उघड झालें कीं, आपले संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांची वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर कपडे उतरवून झडती घेण्यांत आली होती, आणि तीही एकदां नव्हे, दोनदां. देशभर संताप उसळला व अमेरिकेच्या अधिकाऱ्यांस दिलगिरी प्रदर्शित करावी लागली. २००९ च्या एप्रिलांत दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या नोकरांनीं माजी राष्ट्रपति अब्दुल कलाम यांची इतर उतारूंप्रमाणें झडती घेतली. स्वतः कलामांनीं त्याचा गवगवा केला नाहीं. पण जुलैंत बातमी फुटतांच संसदेंत गदारोळ झाला आणि कंपनीनें क्षमा मागितली. २०१० च्या डिसेंबरांत आपल्या अमेरिकेंतील राजदूत मीरा शंकर यांस मिसिसिपी संस्थानांतील जॅक्सन येथें रांगेंतून वेगळें काढून तपासण्यांत आलें; त्यांच्या अंगावरील साडी हेंच त्या संशयाचें कारण झालें असें तेव्हां प्रसिद्ध झालें. २०२१ सालीं मुंबईच्या प्रसिद्ध नर्तिका सुधा चंद्रन यांनीं, प्रत्येक विमानप्रवासाच्या वेळीं आपणांस कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, अशी कळवळून तक्रार केली. दुसऱ्याच दिवशीं केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलानें क्षमा मागितली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितलें कीं, अपंगास कृत्रिम अवयव उतरविण्यास लावणें हें मनुष्याच्या प्रतिष्ठेस सोडून आहे. पुढच्याच वर्षीं मार्च महिन्यांत गुवाहाटीच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चींत बसलेल्या ऐंशी वर्षांच्या वृद्धेला वस्त्रें उतरावयास लावल्याबद्दल तपासणी करणारणीस निलंबित करण्यांत आलें.

या प्रत्येक प्रसंगीं आमच्या दिवाणखान्यांतून जो राग व्यक्त झाला तो योग्यच होता. रागाला आमची हरकत नाहीं. त्याच्या सरहद्दीला आहे. हा राग विमानाच्या तिकिटाबरोबर मिळतो आणि तिकिटाबरोबरच संपतो.

ठाण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें कीं खाडी ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर मानकोलीचा नाका लागतो, आणि त्याच्या आसपास दापोडें, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, गुंदवली हीं भिवंडी तालुक्यांतील गांवें पसरलीं आहेत. एके काळीं येथें भाताचीं खाचरें होतीं. आज पत्र्याच्या छपरांचीं गोदामें एकाला एक लागून उभीं आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशीं, न्हावाशेव्याच्या बंदरास सोयीची आणि महापालिकेच्या भावाहून स्वस्त अशी जमीन ग्रामपंचायतींच्या हद्दींत मिळाली, म्हणून व्यापाऱ्यांनीं माल येथें आणून टाकला. जकात २०१७ च्या जुलैंत वस्तु व सेवा कराबरोबर गेली. गोदामें मात्र राहिलीं आणि वाढलीं. घरबसल्या मागविलेलें पुस्तक, औषध, लुगडें, मिक्सर, मुलाचें खेळणें, यांतील पुष्कळसें या कौलहीन गांवांतूनच आपल्या दारीं येतें. वाचकांपैकीं ज्यांनीं दापोड्याचें नांवही ऐकलें नसेल त्यांच्याही घरांत दापोड्याहून आलेली एखादी वस्तु निघेल.

या गोदामांत पाळी सुटण्याच्या वेळीं काय चालतें? माल निवडणारीं, बांधणारीं, चिठ्ठ्या चिकटविणारीं तरुण मुलें आणि बाया दाराशीं रांगेनें उभीं राहतात. बहुतेक ठिकाणीं फोन सकाळींच जमा झालेला असतो. डब्याची पिशवी उघडून दाखवावी लागते, खिसे उलटे करावे लागतात; मग हात पसरून उभें राहिलें कीं पहारेकरी अंगावरून धातु ओळखणारी काठी फिरवितो, आणि काठी वाजली किंवा पहारेकऱ्याच्या मनांत आलें, म्हणजे काठीच्या जागीं त्याचा हात येतो. कोठें बायांसाठीं आडोसा आणि तपासणारी स्त्री असते. कोठें आडोसा म्हणजे अर्धवट ओढलेला पडदा असतो. हें रोजचें आहे. जेवणाच्या सुटींत बाहेर जाणाऱ्यांस दोनदां. रांगेंत उभ्या असलेल्या कोणाच्याही चेहऱ्यावर संताप दिसत नाहीं, आणि या गोष्टीचें भय आम्हांला काठीहून अधिक वाटतें.

यावर आमचे मित्र लगेच म्हणतील कीं, विमानतळ आणि गोदाम यांची तुलना तुम्हीच केलीत, तर विमानतळावरील झडतीही बंद करा म्हणा! आम्ही तसें म्हणत नाहीं. १९८५ च्या जून महिन्याच्या २३ तारखेस आयर्लंडनजीक समुद्रावर ‘कनिष्क’ विमान फुटलें आणि ३२९ माणसें मेलीं. १९९९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं काठमांडूहून दिल्लीस निघालेलें विमान कंदाहारास पळवून नेण्यांत आलें. एका नवविवाहित उतारूचा खून झाला आणि तीन कैदी सोडून देऊन बाकीचे सोडवावे लागले. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांचा पहारा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय दलाकडे क्रमाक्रमानें गेला. ज्या विमानांत मी बसणार, त्याच विमानांत बसणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हावी यांत माझा जीव वांचण्याचा प्रश्न आहे. येथें तपासला जाणारा आणि वांचविला जाणारा हे एकच. म्हणून शहाणा उतारू कुरकुरतो, पण हात वर करतो.

तरी एवढ्यावरून विमानतळाचें प्रत्येक कृत्य पवित्र ठरत नाहीं. ‘कनिष्क’ विमानांतील स्फोटक कोणाच्या अंगावर नव्हतें. तें एका पेटींत होतें, आणि ती पेटी ज्याच्या नांवानें चढविली तो इसम विमानांत बसलाच नव्हता. शेंकडों माणसांचीं अंगें चाचपून जें सांपडलें नसतें, तें एक पेटी आणि एक माणूस यांचा मेळ घालून पाहिला असता तर सांपडलें असतें. २००१ सालीं एका माथेफिरूनें बुटांत स्फोटक दडविलें. तेवढ्यावरून अमेरिकेंत कोट्यवधि उतारूंना पुढें वर्षानुवर्षें अनवाणी उभें करण्यांत आलें, आणि २०२५ च्या जुलैंत एके दिवशीं सरकारनें जाहीर केलें कीं, आतां त्याची जरूर नाहीं. त्याच देशांत २०१५ सालीं सरकारच्याच माणसांनीं गुप्तपणें परीक्षा घेतली तेव्हां सत्तर प्रयत्नांपैकीं सदुसष्ट वेळां बनावट शस्त्रें व स्फोटकें तपासनीसांच्या नजरेखालून निसटलीं. हे आंकडे आम्ही झडतीची चेष्टा करण्यासाठीं देत नाहीं. मनुष्याची लाज जितकी अधिक उघडी करावी तितकी सुरक्षितता अधिक, हें समीकरण खोटें आहे, एवढेंच त्यावरून दाखवावयाचें आहे.

आणखी एक गोष्ट त्याच विमानतळांवर घडली, ती गोदामवाल्यांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी. अमेरिकेंत वस्त्रांपलीकडचें नग्न शरीर पडद्यावर दाखविणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. लोक खवळले. तेव्हां कायदेमंडळानें सांगितलें कीं, खऱ्या देहाऐवजीं नुसती बाहुलीसारखी आकृति दिसेल अशी व्यवस्था करा. ज्या कंपनीस तें साधलें नाहीं तिचीं यंत्रें २०१३ सालीं उचलून नेण्यांत आलीं. म्हणजे लाज राखून तपासणी करणें अशक्य नव्हतें. तें कोणी मागितलें नव्हतें, इतकेंच. मागणाऱ्यांच्या अंगीं बळ असलें कीं यंत्रालाही सभ्यता शिकवितां येते.

आतां दापोड्याकडे वळूं. येथें झडतीनें कोणाचा जीव वांचतो? कोणाचाही नाहीं. वांचतो तो माल. तपासला जातो मजूर आणि वांचविली जाते मालकाची वस्तु. विमानतळावर सर्वांचा सर्वांवर समान संशय असतो, निदान असावा. येथें एका वर्गाचा दुसऱ्या वर्गावर कायमचा संशय आहे, आणि तो रोज सायंकाळीं अंगावर हात फिरवून उच्चारला जातो. उतारूला झडती नको असेल तर तो आगगाडीनें जाईल. मराठवाड्यांतून किंवा उत्तरेकडून पोटासाठीं आलेल्या मुलाला झडती नको असेल तर त्यानें कोणत्या गाडींत बसावें? वर्षांतून दोनदां विमानांत बसणारा गृहस्थ त्या दोन प्रसंगांच्या कहाण्या महिनाभर सांगतो. गोदामांतील मुलगी तीनशें दिवस त्या दारांतून जाते आणि घरीं कांहींच सांगत नाहीं.

“चोऱ्या होतात त्याचें काय?” हा प्रश्न आम्हीं टाळणार नाहीं. चोऱ्या होतात. हलकी, किंमती, खिशांत मावणारी वस्तु हजारों हातांतून जाते तेथें कांहीं हात तिच्यावर पडणारच. परंतु ज्या गोदामांत प्रत्येक वस्तूच्या अंगावर रेघांची खूण आहे, ती कोणत्या फळीवर, कोणत्या क्षणीं, कोणाच्या हातांत होती याची नोंद यंत्र ठेवतें, आणि छपराला कोपऱ्याकोपऱ्यांत कॅमेरे लटकलेले आहेत, तेथें चोरी शोधण्याचें साधन बाईचा पदर हेंच उरलें आहे, असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपल्या यंत्रांचे पैसे परत मागावेत. आणि आम्ही असें विचारतों कीं, मोठाल्या चोऱ्या ज्या होतात त्या खिशांतून होतात कीं ट्रकांतून? खोटीं चलनें, खोट्या वजनपावत्या, वाटेंत फुटलेलें सील, हीं कामें डबा घेऊन येणाऱ्या मजुराचीं नव्हत. त्यांना लेखणी लागते आणि खोलीचें दार लावून बसावें लागतें. त्या खोलींतून निघणाऱ्या साहेबाची रोज सायंकाळीं झडती होते काय? होत असेल तेथें आमचें निम्मे म्हणणें आम्ही मागें घेऊं.

दुसरा आक्षेप अधिक गोंडस आहे: “ज्याच्या मनांत पाप नाहीं त्यानें झडतीस कां भ्यावें?” हें वाक्य नवें नाहीं. तें शतकापूर्वींही उच्चारलें गेलें होतें, आणि त्या वेळीं तें ऐकणारे आपणच होतों. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत ग्रंथिज्वर प्रकट झाला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. दापोड्याहून जें आज घटकाभराच्या वाटेवर आहे, त्या कल्याण स्टेशनावर गाड्या थांबवून उतारूंना खालीं उतरवीत आणि गांठ आहे कीं काय हें पाहण्यासाठीं कांखा-जांघा तपाशीत. पुण्यांत रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे शिपाई घरांत शिरले. त्या वेळच्या अधिकाऱ्यांचा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. रोग खरा होता, माणसें खरोखर मरत होतीं, आणि ज्याला गांठ नाहीं त्यानें कांख दाखविण्यास कां भ्यावें असें ते प्रामाणिकपणें विचारीत. तरीसुद्धां महाराष्ट्रानें तें ऐकून घेतलें नाहीं. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली, पंडिता रमाबाईंनीं, ज्यांना सनातन्यांनीं आपलें कधीं म्हटलें नाहीं त्यांनींही, प्लेगच्या छावण्यांतील स्त्रियांच्या दुर्दशेबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत लिहिलें. जून महिन्यांत पुण्याच्या रस्त्यावर काय घडलें तें सर्वश्रुत आहे. त्याचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. पण तो क्षोभ कशाचा होता? पाप उघडें पडेल याचा नव्हता. कोणीही परका मनुष्य माझ्या अंगाचा मालक होऊं शकतो, या कल्पनेचा होता.

येथें थोडें कटु बोलणें प्राप्त आहे. त्या क्षोभांत सगळें सोनें नव्हतें. ब्राह्मण आणि इतरेजन एकाच रांगेंत उभे केले, नको त्या हातांचा स्पर्श झाला, याचीही तक्रार त्यांत मिसळलेली होती. आणि ज्यांना स्पर्शाचीच चोरी होती त्यांच्या अंगाची अब्रू कोणी विचारली नव्हती. तें हीण आज शंभर वर्षांनंतर गळून गेलें असेल, अशी आमची आशा होती. दापोड्याच्या रांगेकडे पाहिल्यावर असें वाटतें कीं, सोनें गळालें आणि हीण राहिलें. “आमच्यासारख्यांना” तपासावें काय, हा प्रश्न आम्हांस सुचतो. “कोणालाही असें” तपासावें काय, हा सुचत नाहीं.

विमानतळावरही हीच वृत्ति सरकारी शिक्क्यानें चालत आली आहे. ज्यांची झडती घ्यावयाची नाहीं अशा थोरांची एक यादी असते. राष्ट्रपति, पंतप्रधान, सरन्यायाधीश यांची नांवें तींत असावीं हें समजूं शकतें. पण तींत एका खासगी गृहस्थाचें नांव, कोणतेंही पद नसतांना, वर्षानुवर्षें झळकत होतें आणि तें २०१५ सालीं काढावें लागलें. कलामांच्या प्रकरणांतही आमचा मुख्य आक्षेप काय होता? यादींत नांव असून झडती घेतली, हा! ज्याचें नांव यादींत नाहीं त्याच्याशीं तपासनीसानें कसें वागावें हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळांत कोणीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. अमेरिकेंत तर फी भरून आगाऊ चौकशी करून घेतली म्हणजे बूट-पट्टा न काढतां वेगळ्या रांगेंतून जातां येऊं लागलें. अब्रू विकत मिळूं लागली कीं ती अब्रू राहत नाहीं, ती सोय होते. आणि सोय परवडत नाहीं त्याच्या वांट्यास काठी येते. जॉर्ज फर्नांडिस मंत्री होण्यापूर्वीं मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे आणि पालिकेच्या कामगारांचे पुढारी होते. डलसच्या झडतीनें देश खवळला तो मंत्र्यासाठीं. ज्यांचा पुढारी म्हणून ते मोठे झाले, त्या कष्टकऱ्यांच्या झडतीची आठवण त्या निमित्तानें कोणास झाली नाहीं.

कायदा काय म्हणतो? अटक झालेल्या स्त्रीची झडती घ्यावयाची तर ती दुसऱ्या स्त्रीनेंच, शालीनतेचा कडक विचार ठेवून घेतली पाहिजे, असें फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यांत इंग्रजी अमदानीपासून लिहिलेलें आहे, आणि २०२४ च्या जुलैंत अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतही तें तसेंच आलें आहे. म्हणजे चोरीच्या आरोपावरून पकडलेल्या बाईची लाज राखण्याबद्दल कायद्यास काळजी आहे. जिच्यावर आरोपच नाहीं अशा बाईबद्दल? १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन कायद्याच्या परिशिष्टांत, मालकानें ज्या बाबींचे लेखी नियम केले पाहिजेत त्यांत “ठराविक दारांतून प्रवेश आणि झडतीस पात्र असणें” ही बाब स्पष्ट सांगितलेली होती. झडतीचा हक्क त्या कायद्यानें मालकास दिला असेल, पण निदान तो कागदावर मांडावयास लावला, आणि कागदावर आलेल्या गोष्टीशीं भांडतां येतें. आतां नव्या औद्योगिक संबंध संहितेनें अशा नियमांची सक्ती तीनशें किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेविली आहे. गोदामांतील कामगार मात्र चार ठेकेदारांत वांटलेले, प्रत्येकाकडे शेंदोनशें. काम एका छपराखालीं, आणि कायद्याच्या दृष्टीनें चार लहान लहान बिऱ्हाडें! झडती मात्र सर्वांची एकाच दारांत, एकाच काठीनें होते. त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं कीं, तूं कोणत्या ठेकेदाराचा.

आणि वेळेचा हिशोब? हजेरीची खूण आधीं होते, रांग मागाहून लागते. रांगेंत सरासरी दहाच मिनिटें गेलीं असें धरूं. वर्षाच्या तीनशें दिवसांत तीं पन्नास तास होतात, म्हणजे आठ तासांच्या मापानें सहा दिवसांहून अधिक मजुरी. ही चोरी कोणत्या वहींत लिहावी? अमेरिकेंतील नेवाडा संस्थानांत अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत काम करणाऱ्या मजुरांनीं हाच प्रश्न न्यायालयांत नेला. आपली रोज पंचवीस मिनिटांपर्यंत खोटी होते, तिचा मोबदला मिळावा, असें त्यांचें म्हणणें. २०१४ च्या डिसेंबरांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, माल निवडणें-बांधणें हें काम. झडती हा त्या कामाचा अंगभूत भाग नव्हे, म्हणून पैसे नाहींत. आम्हांस हा निकाल वकिली हुशारीचा उत्तम आणि न्यायाचा वाईट नमुना वाटतो. झडती कामाचा भाग नसेल तर ती टाळून घरीं जाण्याची मजुरास मोकळीक हवी होती! उलट २०२० सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें, अ‍ॅपल कंपनीच्या दुकानांतील नोकरांच्या पिशव्या तपासण्यांत जाणारा वेळ हा मालकाच्या हुकमतीखालचा वेळ आहे, सबब त्याचे पैसे दिले पाहिजेत, असें ठरविलें. पिशवी आणि फोन आणूं नका म्हणजे झडतीच नको, असा कंपनीचा बचाव होता. त्यावर न्यायालयानें तिला तिच्याच शब्दांची आठवण दिली, कीं जो फोन जगाच्या नित्याच्या जीवनांत गुंफला गेला आहे असें तुम्ही म्हणतां, तो तुमच्याच नोकरास मात्र अनावश्यक कसा? दापोड्याच्या दारावर फोन जमा करून घेणाऱ्यांनीं हा प्रश्न मराठींत स्वतःस विचारून पाहावा.

कोणी म्हणेल, मजुरांची तक्रार असती तर ती पुढें आली असती. या म्हणण्याचा निकाल १८९७ सालींच लागलेला आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षीं विलायतेंत होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवरून त्यांनीं तेथें सैनिकांकडून स्त्रियांच्या झालेल्या विटंबनेची हकीकत जाहीर केली. ते मुंबईस परतले तेव्हां पुरावा मागण्यांत आला, आणि पुरावा देण्यास कोणी पुढें येईना. गोखल्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. तो घाव ते जन्मभर विसरले नाहींत. यावरून पुण्यांत कांहींच घडलें नव्हतें असें अनुमान काढणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. ज्याची विटंबना झाली त्यानेंच ती चार लोकांत पुन्हां वर्णन करावी, ही अट इतकी जबर आहे कीं, ती घातली म्हणजे तक्रारी आपोआप संपतात. पुण्यांतील त्या गृहस्थांचीं घरें स्वतःचीं होतीं आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न रँडसाहेबाच्या हातीं नव्हता. गोदामांतील मुलीला उद्यां कामावर घ्यावयाचें कीं नाहीं हें ठेकेदाराच्या मुकादमाच्या हातीं आहे. ती बोलत नाहीं यावरून तिला कांहीं वाटत नाहीं, असें मानणें हें आमच्या सोयीचें आहे, खरें नव्हे.

पहारेकऱ्यावरही आमचा रोष नाहीं. तोही बहुधा दुसऱ्या एखाद्या ठेकेदाराचा बारा तासांचा नोकर असतो, आणि पाळी संपल्यावर कित्येक ठिकाणीं त्याचीही झडती होते. संशयाची ही शिडी अशी आहे कीं, प्रत्येक पायरीवरचा मनुष्य खालच्याला चाचपतो, आणि वर कोणीच पाहत नाहीं.

आम्ही मागतों तें फार नाहीं. झडती सरसकट न होतां चिठ्ठ्या टाकून व्हावी, आणि त्या चिठ्ठ्यांत व्यवस्थापकापासून झाडूवालीपर्यंत सर्वांचीं नांवें असावींत. काठी वाजल्यावांचून किंवा लेखी कारणावांचून कोणाच्या अंगास हात लागूं नये. बायांची तपासणी चार भिंतींच्या आंत, बाईनें, आणि दुसऱ्या बाईच्या साक्षीनें व्हावी. रांगेचा वेळ हजेरींत धरला जावा, म्हणजे रांगा कशा आखूड होतात हें मालकच दाखवून देतील. अपंगाचा पट्टा, कुबडी, कृत्रिम पाय यांबद्दल न्यायालयानें विमानतळास जें सांगितलें, तें गोदामास सांगितलें नाहीं म्हणून तेथें करावयास मोकळीक आहे असें कोणी समजूं नये. २०१७ च्या ऑगस्टांत नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला, तो सरकारपुरता कीं सर्वांपुरता, हा वाद वकील घालोत. आडोसा उभा करण्यास त्या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

हें कोणीं मागावें? कामगारांनीं मागावें हें उघड आहे, पण तें आज त्यांना किती अवघड आहे हें वर सांगितलेंच. दापोड्याच्या ग्रामपंचायतीस मात्र तें अवघड नाहीं. गोदामें तिच्या हद्दींत आहेत, त्यांची घरपट्टी तिच्याकडे येते. ज्या जमिनीवर तीं उभीं आहेत त्यांतील पुष्कळ जमीन गांवकऱ्यांचीच होती, कित्येकांनीं स्वतःच गाळे बांधून भाड्यानें दिले आहेत, आणि रांगेंत उभ्या असलेल्या मुलांमुलींत त्यांच्या भावकींतलींही आहेत. भाडेकरार लिहितांना पत्र्याची उंची, ट्रक वळविण्याची जागा, विजेचा भार यांबद्दल पानेंच्या पानें खर्ची पडतात. त्यांत दाराशीं बायांसाठीं बंद खोली असावी आणि रांगेचा वेळ कामाचा धरावा, हीं दोन कलमें घालण्यास गाळामालकांस कोणत्याही कायद्याची आडकाठी नाहीं, आणि पुढच्या ग्रामसभेंत हा विषय ठेवण्यास तर एका अर्जापलीकडे कांहींच लागत नाहीं.